कच्चं लिंबू, लाल एल

फॉर्म मीच तयार केला होता. नाव, गाव, काय विकता, मोबाइल स्वतःचा की घरातला. आणि पाचव्या ओळीत प्रश्न : ‘ऑनलाइन विक्रीत तुम्ही कुठे आहात?’ खाली तीन चौकटी. नवशिके. थोडंफार जमतं. जाणकार. एकीवर खूण करायची. कुणाला कोणत्या गटात बसवायचं ते शिकवणाऱ्याला चटकन कळावं, एवढाच हेतू होता.

पुसदमधली एक वर्गखोली. घरगुती माल मोबाइलवरून कसा विकायचा, याचं दोन दिवसांचं शिबिर. बचत गटांच्या बायका, हळद आणि डाळ विकू पाहणारे दोन-तीन शेतकरी, कॉलेजातली काही मुलं. पन्नाशीच्या एक काकू फॉर्म हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी शेजारच्या मुलाकडे कागद सरकवत म्हणाल्या, “पह्यल्याच डब्यात टाक बाप्पा मले. मले काय येते?”

त्याने ‘नवशिके’वर खूण केली. काकू शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि दोन दिवस तिथून हलल्या नाहीत. काही विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं : “मी तं नवशिकी हाव ना.” लाजून मागे राहायला त्यांना एक छापील कारण मिळालं होतं आणि ते मी पुरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ बसले. त्या वीस वर्षांपासून शेवया, कुरड्या आणि पापड विकत होत्या. नवं घर जोडायचं, तर आधी मूठभर शेवया फुकट द्यायच्या आणि चार दिवस तिकडे फिरकायचंच नाही. ज्या घरी लग्न निघालंय, तिथे रुखवताची आठवण महिनाभर आधी करून द्यायची. शेतकऱ्याच्या घरचे पैसे कापूस विकल्यावरच मागायचे, मधे मागितले तर पैसेही जातात आणि माणूसही. नोकरदाराच्या घरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जायचं. कुणाच्या कुरडीत जिरं जास्त लागतं, कुणाला बिनमिठाचे पापड हवेत, सगळं तोंडपाठ.

आणि वर्गात फळ्याजवळ काय शिकवणं चाललं होतं? नमुना कसा द्यावा. ग्राहकांचे गट कसे पाडावेत. हंगाम कसा ओळखावा. विश्वास कसा कमवावा. या सगळ्यात काकूंनी वर्ग घ्यायचा आणि आम्ही बाकावर बसायचं, अशी खरी परिस्थिती होती. त्यांना फक्त फोनमधली कळ कुठे दाबायची ते येत नव्हतं. त्या एका न येण्यावरून मी त्यांच्या सगळ्या येण्याला ‘नवशिके’ नाव देऊन टाकलं. हा लेख त्या चुकीपाशी सुरू झाला.

रेल्वेआधी आलेला बाजार

पुसद हे पूस नदीकाठचं, डोंगरांनी वेढलेलं तालुक्याचं गाव. जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ शंभरेक किलोमीटरवर. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाच्या नकाशात पुसदचं नाव आहे, पण त्या गाडीची वाट बघण्यात इथल्या लोकांची वर्षांमागून वर्षं गेली. माल बाहेर न्यायचा, तर एसटी, ट्रक आणि व्यापारी. व्यापारी ठरवेल तो भाव.

मग हातात स्मार्टफोन आला. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळं अॅप आणलं. त्यात दुकानाचं नाव, पत्ता आणि पुढे मालाची यादीही फुकटात लावता येऊ लागली. ऑनलाइन बाजारपेठांवर विकायचं, तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना, ठरावीक मर्यादेच्या आत, त्या सक्तीतून सूट मिळाली. दार उघडलं होतं. उंबरठ्यावर माणसं अडत होती ती वेगळ्याच कारणाने. “आपल्याले नाही जमत ते. ते पोराइचं काम हाय.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की त्यात फोनची भीती किती आणि आपल्याला कुणीतरी लावलेल्या नावाची भीती किती, हे तपासावंसं वाटलं.

नावाने हात कापतात

नाव लावल्याने माणसाचं काम बदलतं का? याचं लख्ख उत्तर आपल्याच देशातल्या एका प्रयोगाने दिलं आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावर छापलेले भूलभुलैये सोडवायला दिले. ३२१ मुलं वरच्या मानलेल्या जातींतली, ३२१ खालच्या मानलेल्या. जितके भूलभुलैये सुटतील, तितके पैसे. जात न उच्चारता खेळ घेतला, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. सर्वांसमोर नावाबरोबर जात पुकारली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच, पैसेही तेवढेच. फक्त एक शब्द मोठ्याने म्हटला गेला होता.

उलट बाजूचा पुरावाही आहे. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी एका शाळेतल्या शिक्षकांना सांगितलं, की ही अमुक मुलं यंदा चमकणार आहेत. ती नावं, वर्गातली साधारण पाचवा हिस्सा मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचललेली होती. वर्षअखेरीस, विशेषतः लहान वर्गांत, त्यातली बरीच मुलं खरोखर पुढे गेलेली आढळली. १९६८ मध्ये हे निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. त्यांच्या पद्धतीवर पुढे वाद झाले आणि परिणाम किती मोठा यावर मतभेद राहिले, पण समोरच्याची अपेक्षा माणसाच्या वाढीत मिसळते, हे शिक्षकी पेशातल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

पुसदला हे कळायला परदेशी पुस्तकाची गरज नाही. या तालुक्याच्या तांड्यांनी त्याहून जड शिक्का सोसला आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक भटक्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. मिठाची आणि धान्याची वाहतूक करणारा बंजारा समाजही वेगवेगळ्या प्रांतांत त्या जाळ्यात ओढला गेला. ज्यांच्या बैलांच्या तांड्यांवर कधी फौजांची रसद चालायची, त्यांच्या व्यापाराचं ज्ञान त्या एका शब्दाखाली दिसेनासं झालं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि ‘विमुक्त’ ही नवी ओळख आली. मुक्ततेचा आनंद मोठाच. तरी दाखल्यावरचा ‘विमुक्त’ हा शब्द आजही जुन्या बेडीची आठवण सांगतो.

त्याच समाजात, पुसद तालुक्यातल्या गहुली गावी, १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. पुसदच्या नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलेला हा माणूस डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. शिक्का खोटा होता, याचा याहून मोठा दाखला कोणता?

‘नवशिका’ या शब्दाची आणि त्या शिक्क्याची बरोबरी करणं अन्यायाचं होईल. एकाने पिढ्या नासवल्या, दुसरा फार तर चार दिवस मन खट्टू करतो. पण दोन्ही एकाच वाटेने आत शिरतात. माणसाला आज काय येत नाही, हे सांगणारा शब्द माणूस कोण आहे, हे सांगू लागतो. मग तो स्वतःच तो शब्द पुढे करून मागे सरकतो, आमच्या काकूंसारखा.

पडद्यावरच्या पाट्या

ऑनलाइन बाजारात तर पाट्यांचं रानच आहे. अॅमेझॉनवर ज्याला अजून ग्राहकांचे अभिप्राय नाहीत, त्या विक्रेत्याच्या नावाशी ‘जस्ट लाँच्ड’ असं दिसतं. फायव्हरसारख्या कामं मिळवून देणाऱ्या ठिकाणी नवा विक्रेता, पहिली पातळी, दुसरी पातळी, सर्वोत्तम अशी चढण असते. यूट्यूब एक लाख सदस्यांवर रुपेरी पदक घरी पाठवतं. या पाट्या खोट्या नाहीत, ग्राहकाला त्यांचा उपयोगही होतो. पैसे कुणाच्या भरवशावर पाठवायचे, हे त्याला कळायलाच हवं.

नव्या माणसाची कोंडी होते ती अशी. अभिप्राय नाहीत म्हणून ऑर्डर येत नाही, ऑर्डर नाही म्हणून अभिप्राय येत नाहीत. ज्या हॉटेलात गर्दी, तिथेच चहाला चार माणसं आणखी शिरतात, तसंच हे. या काळात विक्री झाली नाही, तर त्याचं कारण बहुतेक वेळा मालात नसतं. पण ‘नवीन’ हा शब्द रोज पडद्यावर वाचणारा माणूस कारण स्वतःत शोधतो. फोटो अंधारात काढला होता, पाठवणावळ मालाच्या किमतीएवढी झाली होती, पत्ता अर्धवट होता; या दुरुस्त होणाऱ्या गोष्टी. ‘आपण नवशिके’ ही दुरुस्त करायची गोष्टच नाही. ती मनात घेतली, की माणूस दुकानच मिटवतो.

याच जागी एक वेगळाच व्यापार उभा राहिला आहे. ‘शून्यातून तज्ज्ञ’, ‘सात दिवसांत नवशिक्याचा गुरू’ अशी नावं लावून मोबाइलवर अभ्यासक्रम विकले जातात. आधी तुम्हाला शून्य म्हणायचं, मग त्या शून्यावर इलाज विकायचा. चांगलं शिकवणारेही पुष्कळ आहेत, त्यांच्याविषयी हे नाही. पण ज्यांचा धंदा शिकणाऱ्याच्या लाजेवर चालतो, त्यांना तुम्ही शिकून मोकळं व्हावं असं वाटतच नाही. पहिल्या अभ्यासक्रमानंतर दुसरा, मग तिसरा, मग ‘खास गट’. सोयाबीनच्या पैशांतून अशा शिकवणीची फी भरलेला एक तरुण शेतकरी मला शिबिरात भेटला. त्याच्याकडे तीन प्रमाणपत्रं होती आणि अजून एकही किलो डाळ त्याने ऑनलाइन विकली नव्हती. “अजून एक लेव्हल बाकी हाय,” तो म्हणाला. त्याला डाळीचा फोटो, वजन, भाव आणि फोन नंबर एवढंच टाकायचं होतं. त्याला अडवून धरलं होतं ते पुढच्या पाटीने.

मोठ्या नावाचंही ओझं असतंच. आमच्या फॉर्मवर ‘जाणकार’वर खूण केलेला कॉलेजातला मुलगा हुशार होता. पण जाहिरातीवर टाकलेले त्याचे पैसे वाया का जात होते, हे त्याने दोन दिवसांत एकदाही विचारलं नाही. जाणकाराने विचारायचं कसं? मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या प्रयोगांत असंच दिसलं होतं : ‘तू हुशार आहेस’ अशी वाहवा मिळालेली मुलं पुढे अवघड कोडी टाळू लागली, ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली मुलं अवघड कोड्यांकडे वळली. ‘नवशिके’ची चौकट काकूंना गप्प बसवत होती आणि ‘जाणकार’ची त्या मुलाला.

कच्चं लिंबू

मग नवख्याला नवखं म्हणायचंच नाही का? तसंही नाही. आपल्या भाषेने या प्रश्नावर फार आधी विचार केलेला आहे.

लहानपणी लपाछपी किंवा पकडापकडी खेळताना धाकट्या भावंडाला काय करायचो? ते ‘कच्चं लिंबू’. सगळ्यांबरोबर धावायचं, ओरडायचं, लपायचं. पण बाद झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. किती शहाणी सोय. लहान मूल खेळाबाहेर बसून खेळ शिकत नाही, ते खेळातच शिकतं आणि हरण्याची किंमत तेवढी माफ असते. याच्याच जवळचा शब्द ‘लिंबूटिंबू’, तो मात्र टोचतो. क्रिकेटच्या दुबळ्या संघाला आपण लिंबूटिंबू म्हणतो, तेव्हा त्यात सोय उरलेली नसते, नुसता हिणवणारा सूर असतो. लिंबू तेच. एक शब्द जवळ ओढतो, दुसरा ढकलतो.

दुसरा शब्द ‘उमेदवार’. फारसीतून आलेल्या ‘उमेद’ला ‘वार’ जोडून तो झाला. ज्याच्याकडे उमेद आहे, तो उमेदवार. आज तो निवडणुकीपुरता वाटतो, पण दुकानात, छापखान्यात, वकिलाकडे ‘उमेदवारी करणं’ म्हणजे काम शिकत राहणं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार आयटीआय झालेली मुलं आजही कारखान्यांत आणि एसटीच्या आगारांत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून रुजू होतात. त्याला ठरलेली मुदत असते, विद्यावेतन असतं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र असतं. नवखेपणाला असा सन्मानाचा शब्द असताना आपण फॉर्मवर तो का छापत नाही? ग्रामीण बचत गटांसाठी राज्यात २०११ पासून चालणाऱ्या अभियानाचं नावही ‘उमेद’च आहे.

तिसरी गोष्ट रस्त्यावरची. वाहन शिकणाऱ्याच्या गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं लिहिलेलं आहे. मी जितका विचार करते, तितका हा ‘एल’ मला शहाणा वाटतो. एक तर तो गाडीला लावतात, कपाळाला नाही. चालवणारी बाई घरी उतरली, की ती शिक्षिका असते, आई असते, सरपंच असते. दुसरं, तो शिकणाऱ्यासाठी नसून मागून येणाऱ्यासाठी असतो : जरा अंतर ठेवा, हॉर्न वाजवू नका. तिसरं, त्याला मुदत आहे. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा. त्या मुदतीत परीक्षा द्या आणि पाटी काढा.

ऑनलाइन बाजारातल्या ‘नवीन’ला हे तीन नियम लावून पाहा. विक्रेत्याला नवशिका म्हणण्याऐवजी दुकान नवं आहे, असं म्हणा. ग्राहकाला सांगा, की इथे पहिली खरेदी लहान करा, अभिप्राय जरूर लिहा. आणि दहा-वीस ऑर्डर नीट पोहोचल्या, की ती पाटी आपोआप उतरू द्या. जी पाटी कधी उतरणार ते सांगत नाही, तिचा हळूहळू शिक्का होतो.

सरकारनेही नावाचं महत्त्व ओळखल्याचं उदाहरण ताजं आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नव भारत साक्षरता कार्यक्रमात ‘प्रौढ शिक्षण’ हा जुना शब्द बाजूला ठेवून ‘सर्वांसाठी शिक्षण’ असं म्हटलं गेलं. ‘प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाते’ असं सांगताना आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका पदर पुढे ओढायच्या. ‘सर्वांसाठी’मध्ये तो पदर ओढावा लागत नाही.

पहिली ऑर्डर

आत्मविश्वास येतो कुठून? मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये याची चार मुळं सांगितली. स्वतः करून जमलेलं काम. आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहणं. विश्वासातल्या माणसाचे शब्द. आणि त्या क्षणी अंगात असलेली धास्ती किंवा स्वस्थता. यात सगळ्यांत बळकट पहिलं. जमलेलं एक लहान काम शंभर शाबासक्यांवर भारी पडतं.

पुढच्या शिबिरासाठी मी फॉर्म बदलला. तीन चौकटी काढून टाकल्या. त्यांच्या जागी दोन प्रश्न आले : ‘आजवर तुम्ही काय काय विकलं आहे?’ आणि ‘या दोन दिवसांत कोणती एक गोष्ट शिकायची आहे?’

काकू पुन्हा आल्या. पहिल्या प्रश्नापुढे त्यांनी सुनेकडून लिहून घेतलं : शेवया, कुरड्या, पापड, लोणचं, एकदा गाय. जागा पुरली नाही, म्हणून कागदाच्या मागच्या बाजूलाही लिहिलं. दुसऱ्या प्रश्नापुढे एकच शब्द : फोटो. शिकायचं काय, ते त्यांना आता नेमकं माहीत होतं. सगळं ऑनलाइन जग नव्हे, फक्त फोटो.

वर्गाची सुरुवातही बदलली. फोन बाजूला ठेवून आधी प्रत्येकीने आपला माल खपवायची एक युक्ती सांगायची. मूठभर शेवया फुकट देऊन चार दिवस न फिरकण्याची गोष्ट काकूंनी सांगितली, तेव्हा शिकवणारा तरुण वही काढून लिहून घेत होता. ते पाहून त्या क्षणभर थांबल्या आणि मग शेवटच्या बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर येऊन बसल्या. त्यानंतर फोन हातात घेतला, तेव्हा त्यांची बोटं आधीसारखी अडखळत होतीच. पण त्या विचारत होत्या. “हे दाबलं तं काय होते?” असं त्या दिवसभरात कितीदा म्हणाल्या, त्याला मोजदाद नाही.

फोटो खोलीत काळा येत होता. त्या उठून दाराशी गेल्या, उन्हाच्या तिरपेत सूप ठेवलं, त्यावर शेवया पसरल्या. वाळवण घालणाऱ्या बाईला ऊन कुठे, कोणत्या वेळी, कसं पडतं ते शिकवावं लागत नाही. फोटो सुरेख आला. भाव लिहिला, ओळखीच्या नंबरांवर पाठवला. संध्याकाळी फोन वाजला. लग्न होऊन पुण्याला गेलेली पुसदचीच एक मुलगी दोन किलो शेवया मागत होती.

काकूंनी तो निरोप तीनदा ऐकला. मग त्यांचं लक्ष मागच्या बाकावर पदर आवळून बसलेल्या एका नव्या बाईकडे गेलं. तिच्याकडे पाहत त्या मला म्हणाल्या, “पुढच्या खेपेले फोटोचं मी सांगतो बायायले. उजेडाचं तुम्हाले नाही समजत.”

लपाछपीत धाकटं मूल कच्चं लिंबू असणं कधी संपतं, हे मोठी मुलं ठरवत नाहीत. एके दिवशी ते स्वतःच पुढे येऊन म्हणतं, आता माझ्यावर राज्य द्या. हरण्याची जोखीम मागून घेतली, की खेळ त्याचा होतो. त्या संध्याकाळी पुसदच्या त्या वर्गात काकूंनी राज्य मागून घेतलं.